तळाची मूठ

"मावशी, पाणी किती आहे हिच्यात?"

संग्राम जाचकनं विहिरीच्या काठावरून विचारलं. बूट काढले नव्हते.

खाली, शेवटच्या कोरड्या पायरीवर तानूबाई भोई पाण्यात पाय सोडून बसली होती. पंच्याहत्तरीची बाई. नऊवारीचा काष्टा ओला. चाळीस वर्षं ती या गोल, पायऱ्यांच्या विहिरीत गावाला पोहायला शिकवत आली. संग्रामलाही तिनंच शिकवलं होतं, आठ वर्षांचा असताना, पाठीला सुका भोपळा बांधून. पुढं तो शहरात गेला, टाकीत पोहला, राज्यात पहिला आला. आता तालुक्याच्या क्रीडा मंडळाचा सेक्रेटरी होता.

"तुला किती पाहिजे?" तानूबाईनं वर न बघता विचारलं.

"साडेचार लाख लिटर."

"प्यायला?"

पाण्यात एक रिटायर कंडक्टर उताणा तरंगत होता, बाबू नावाचा. तो हसला, तसं त्याच्या नाकात पाणी गेलं.

संग्राम हसला नाही. "आमच्या पोहण्याच्या टाकीत भरायला. टाकी कोरडी पडलीय, बोअरही आटलंय. महिन्यावर स्पर्धा आल्या, चाळीस पोरं घरी बसलीत. गावच्या पंचांना भेटून आलो. ते म्हणाले, तानूमावशी हो म्हणाली तर आमची ना नाही. मोटर आणलीय. वर टेम्पोत आहे. दहा हॉर्सपॉवरची."

"आधीचं पाणी कुठं गेलं?"

"सोडलं. नाल्यात. दर पंधरा दिवसांनी सोडावंच लागतं."

"मेलं होतं?"

"हिरवं झालं होतं."

"हिरवं म्हंजे जितं की रे."

संग्राम दोन पायऱ्या उतरला. "मावशी, आमचं संकुल साधं नाही. छतावर सौरऊर्जा आहे. प्लास्टिक बंद केलंय. दोनशे झाडं लावलीत. जिल्ह्यात पर्यावरणाचं प्रशस्तिपत्र मिळालेलं आमचं एकच मंडळ आहे. चौकटीत लावलंय."

"नाल्याकडच्या लिंबांचं काय झालं?"

"ते... वाळले. टाकीच्या औषधानं असेल."

"हं."

मोठ्या माणसांना पाण्याचा आकडा तोंडपाठ असतो. चव विचारू नये.

एवढ्यात बाबू कंडक्टरनं सूर मारला. बराच वेळ पाणी हललं नाही. मग त्याचं टक्कल वर आलं. तो धापा टाकत पायरीवर चढला आणि मूठभर काळा गाळ तानूबाईपुढच्या पाटीत आपटला.

"हे घ्या बाई, माझं तिकीट!"

विहिरीचा रिवाजच तो. पोहायला आलेल्यानं जाताना तळाचा मूठभर गाळ वर आणायचा. पाटी भरली की जांभळीच्या बुडाला रिकामी करायची. जांभूळ आता विहिरीच्या तोंडावर सावली धरून होती. अख्खं झाड मुठीमुठीनं वाढलेलं.

"तू विचारलंस, पाणी किती," तानूबाई म्हणाली. "मोज की."

"टेप आहे गाडीत."

"टेप कशाला? तू हाईस ना."

"म्हणजे?"

"तळाला जा. मूठ घिऊन ये. मग माग."

संग्रामला राग आला. पण तो राज्यात पहिला आलेला माणूस. त्यानं बूट काढले, शर्ट काढला, घड्याळ बाबूकडं दिलं.

"ही विहीर आहे केवढी, मावशी? चार हात मारले की संपली. आमच्याकडं पंचवीस मीटर सरळ पोहता येतं."

"आन् मग?"

"मग भिंत येते."

"इथं गोल फिर. भिंत येतच न्हाई."

त्यानं सूर मारला. सूर सुरेख होता, बाबूसुद्धा वा म्हणाला. पण अर्ध्यातच त्याचं अंग आडवं झालं आणि तो वर आला. मूठ रिकामी.

पुन्हा गेला. पुन्हा वर आला. कान धरून.

"खाली फार गार आहे," तो म्हणाला.

"आडवा किती लांब जातोस त्ये पेपरात वाचलं व्हतं," तानूबाई म्हणाली. "उभा किती जातोस?"

संग्राम पायरीला धरून राहिला. वर टेम्पोवाला हाका मारत होता. साहेब, मोटर उतरवू का?

"मावशी... खाली आसरा आहेत म्हणायचे लहानपणी, पाण्यातल्या देवी."

"हाईत की."

"तुम्ही बघितल्यात?"

"तू बघून ये."

ऊन बरोबर माथ्यावर आलं होतं. दिवसातून घटकाभर ते या विहिरीत सरळ उतरतं. पाण्यात उजेडाचा एक खांब उभा राहिला, वर हिरवा, खाली काळा.

संग्रामनं श्वास भरला. या खेपेला सूर मारला नाही. त्या खांबाला धरून उतरावं तसा पायांनी सरळ खाली गेला.

एक पुरुष खोल.

दोन पुरुष. कानात कळ आली. उजेड विरला. तो वळला, डोकं खाली केलं.

तिसऱ्या पुरुषाला हात टेकला.

तिथं गाळ असा नव्हताच. चाळीस वर्षांच्या मुठींनी खडक सारवल्यासारखा साफ केला होता. तो चाचपत राहिला. एका कपारीत बोटं गेली, थोडं काळं मऊ हाताला लागलं. त्यानं मूठ आवळली. दुसरा तळवा आधाराला खडकावर ठेवला.

आणि तळव्याखाली काहीतरी हललं.

नवं वासरू हातावर नाक टेकून फुंकतं, तसं. गार. थांबून थांबून. खडकाच्या चिरेतून पाणी वर येत होतं, आणि त्याच्या तळव्याला हळूच बाजूला सारत होतं.

त्यानं वर बघितलं. भाकरीएवढं आभाळ. त्याच्याखाली सगळं उभं पाणी. गावानं प्यालेलं, जनावरांनी प्यालेलं, हजार पोरांना तरंगवलेलं.

सगळं इथून आलेलं.

छातीत श्वास उरला नव्हता, तरी हात उचलावासा वाटेना.

वर बाबू उठून उभा राहिला. "बाई, जाऊ का खाली?"

तानूबाईनं नुसता हात आडवा केला.

...

संग्राम वर आला तो ओरडला नाही, हसला नाही. पायरीवर छाती टाकून पडला. बऱ्याच वेळानं त्यानं मूठ उघडली. काळा गाळ. त्यात एक पांढरी गोगलगाय, शेंगदाण्याएवढी.

तानूबाईनं गोगलगाय उचलून पाण्यात सोडली. गाळ चिमटीत घेऊन हुंगला.

"तळाचा," ती म्हणाली. "पयल्यांदाच."

संग्रामनं मान वर केली. "मावशी... लहानपणी मी..."

"दुसऱ्या पायरीचं शेवाळ. हिरवंगार. रोज आणायचास."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"वास येतो की."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"माझ्या भ्यानं तळाला गेलेलं पोर वर येत न्हाई."

बाबूनं घड्याळ पुढं केलं. संग्रामनं घेतलं नाही. तो आपल्या उजव्या तळव्याकडं बघत होता, दुसऱ्याच कुणाचा असावा तसं.

"झरा लागला," तो म्हणाला.

"मग सांग. किती हाय?"

संग्रामनं तळवा पुढं केला.

"माझ्या तळव्याखाली मावला, मावशी." "सगळा. एका तळव्याखाली."

तानूबाईनं पाण्यातले पाय जवळ ओढून घेतले.

वरून पुन्हा हाक आली. "साहेब! उतरवायची का नाही?"

"नको," संग्राम ओरडला. "परत ने."

"आँ?"

"परत ने म्हणतो ना!"

टेम्पो चालू झाला. आवाज लांब गेला. विहिरीत पुन्हा पारव्यांचं घुमणं ऐकू यायला लागलं. उजेडाचा खांब कलला होता.

संग्रामनं पाटी उचलली. ओल्या पायांनी पायऱ्या चढून गाळ जांभळीच्या बुडाला ओतला, हातानं पसरला. खाली आला, पाटी होती तिथं ठेवली. तरी उभाच.

"बस की," तानूबाई म्हणाली.

"टाकी कोरडीच राहणार आता." तो बसला नाही. "पोरांना काय सांगू? रोज सकाळी फाटकाशी येऊन उभी राहतात. टॉवेल खांद्यावर टाकून. स्पर्धा जाऊ दे, मावशी... पण त्यांचं पाणीच गेलं."

तानूबाईनं वाकून ओंजळभर पाणी घेतलं, तोंडावरून फिरवलं.

...

"किती पोरं म्हणालास?"

"चाळीस."

"चाळीस मुठी," तानूबाई म्हणाली. "पाटी दुसरी लागंल... आन् सांगून ठेव त्यास्नी, म्हातारीला वास येतो."