जमिनीला गाल लावणारी चिमाय

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडे जायचं तर होडीच होती, तेव्हा शेवरवाडीत चिमाय नावाची म्हातारी राहायची. अंगारा लावणं हे तिचं काम. कुणाला दृष्ट लागो, कुणाचं मूल किरकिरो, चिमाय डाव्या हाताने हनुवटी धरायची, उजव्या अंगठ्याने कपाळावर अंगारा ओढायची आणि माणूस हसत घरी जायचं. तिला स्वतःचं म्हणावं असं मात्र एकच होतं, भुरी नावाची मांजर.

एके दिवशी भुरी बिथरली. सतत पायात घोटाळणारी ती, कणगीमागे जाऊन बसली. माशाचं डोकं पुढ्यात ठेवलं तरी तोंड फिरवलं. चिमायला जे येत होतं ते तिने केलं. रोज हनुवटी धरून अंगारा लावला. भुरी रोज जास्तच चवताळली, आणि शेवटी चिमायच्या हाताला कडकडून चावली.

वाडीचा रिवाज सरळ होता. मांजर असं फिरलं की त्याला लागीर झालं म्हणायचं, गोणीत घालायचं आणि खाडीपलीकडे सोडून यायचं. शेजारचा विठू तांडेल गोण घेऊनच आला.

“चिमाय, आता माया करू नको. होडी तयार आसा.”

“दिस बुडासर थांब रे विठू. माका तिच्याशिवाय कोण आसा?”

विठू उंबऱ्यावर बसला. चिमायने अंगाऱ्याची वाटी बाजूला सारली. अखेर ती कणगीसमोर सारवलेल्या जमिनीला गाल लावून आडवी झाली. बोलली नाही, हातही पुढे केला नाही. असं म्हणतात, ऊन कललं तशा साऱ्यांच्या सावल्या लांबल्या, पण चिमायची आखडत आखडत मांजराएवढी झाली. तेव्हा कुठे भुरी बाहेर आली आणि तिने मान वर केली.

हनुवटीखाली, केसांच्या आत, मासे धरायचा गळ रुतला होता. चिमाय रोज बोटं दाबायची, नेमकी तिथेच.

“बाय माझी, मीयाच तुका रोज दुखवलंय गे!” म्हातारी ढसाढसा रडली. विठूने गोण भिरकावली आणि गळ अलगद काढला.

पुढे, असं म्हणतात, लांबलांबची आजारी मांजरं खाडी पोहून तिच्या दारी येत. पाण्याचा थेंब न सोसणारी मांजरं! पटत नसेल त्याने खुशाल हसावं.

पण शेवरवाडीत आजही मांजर बिथरलं तर घरातलं मोठं माणूस आधी त्याच्यासमोर आडवं होतं. आणि एखादी सून भांडं आपटून, न जेवता कोपऱ्यात जाऊन बसली, तर सासू काही न विचारता तिच्याशेजारी जमिनीवर पडते. “चिमाय निजली हा,” असं कुणीतरी हळूच सांगतं. मग सून बोलेपर्यंत त्या घरात पानं मांडत नाहीत.