शेजारच्या खोलीतला आवाज

"मग कमी काय पडलं, मास्तर?"

रणधीरचा आवाज चढला होता. स्टुडिओतली माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. दस्तगीर मास्तर एकटे बसून होते.

मास्तर कोल्हापुरात सिनेमाला आवाज द्यायचे. पावलं, दारं, भांडी, घोडे. पडद्यावर चित्र चालायचं आणि अंधाऱ्या खोलीत मास्तर हातातल्या वस्तूंनी ते ऐकवायचे. तसा कान पुन्हा झाला नाही.

रणधीर त्यांचा शिष्य. आत्ता दाखवलेल्या या गुन्हेगारीच्या सिनेमाला आवाज त्यानं एकट्यानं दिला होता. मास्तर हो म्हणाले, तर सिनेमाच्या सुरुवातीच्या पाटीवर त्याचं एकट्याचं नाव लागणार होतं.

सिनेमात चाळीतला एक गुंड बायकोला मारून टाकतो. थपडेसाठी रणधीरनं ओलं चामडं फरशीवर आपटलं होतं. हाडासाठी ऊस मोडला होता. बांगड्या खऱ्याच फोडल्या होत्या.

"कमी काही नाही," मास्तर म्हणाले. "थप्पड झकास वाजलीय. मलाही अशी जमली नव्हती."

मास्तर खोटी स्तुती करत नसत.

"मग?"

"ती वाजली तेव्हा शिट्टी कुणी मारली?"

"निर्मात्यांनी. त्यांना लई आवडली."

"बाई मरतीय आणि माणूस शिट्टी मारतोय... मर्दा, तू त्याला मारणाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसवलंस."

रणधीर चिडला. "मी आवाज देतो, मास्तर. पडद्यावर मारणारा मी नाही."

"चाळ आहे ना ती? भिंतीपलीकडं कोण राहतं?"

"कुणी का राहीना. ते चित्रात नाहीत."

"चाळीत तर आहेत."



मास्तर उठले. तोच प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. रणधीरच्या आवाजाला हात लावला नाही. फक्त टेबलावरचा चहाचा कप घेतला, आणि चमचा.

पडद्यावर गुंड घरात शिरला. मास्तर कपात चमचा फिरवू लागले. किणकिण, किणकिण... शेजारच्या खोलीत कुणीतरी साखर ढवळत होतं.

थप्पड वाजली. बाई ओरडली.

चमचा थांबला.

ती पुन्हा ओरडली...

चमचा पुन्हा फिरू लागला. सावकाश. साखर विरघळेपर्यंत. मग चमचा कपाच्या कानाला टेकला; कुणीतरी हलकेच कडी लावली. मग मास्तरांनी टेबलावरचा रेडिओ लावून मोठा केला.

चित्र थांबलं. टाळी वाजली नाही. निर्माते आपल्या बुटांकडं बघत होते.

रणधीर यंत्रापाशी गेला. कुणी न सांगता त्यानं आपली थप्पड बारीक केली. ज्या थपडेवर सगळा स्टुडिओ उठून उभा राहिला होता, तीच. बाईचं ओरडणंही बारीक केलं, भिंतीपलीकडून यावं तसं.

"पाटीवर दोघांची नावं घालू," निर्माते म्हणाले.

"त्याचं एकट्याचं घाला," मास्तर म्हणाले.

रणधीरचं तिकडं लक्ष नव्हतं. तो पुन्हा पुन्हा तेवढाच तुकडा ऐकत होता.

"मास्तर... इतकं बारीक केल्यावर, शेजाऱ्यांना काही ऐकूच आलं नाही, असं नाही का वाटणार?"

मास्तरांनी कप खाली ठेवला.

"आलं की. म्हणून तर चमचा थांबला."