हौशीने खाल्लेली चिठ्ठी

फार वर्षांपूर्वी एका मंगळवारी, सकाळी बरोबर नऊ वाजून दहा मिनिटांनी, हौशी नावाच्या शेळीने बॅटरीच्या कारखान्यातल्या एका कॅनवरची चिठ्ठी खाल्ली. कॅनमध्ये वापरून टाकलेलं ॲसिड होतं आणि ते न्यायला दुपारी गाडी यायची होती.

“अगं बये, काय केलंस हे!” कॅन ओरडला. “त्यावर कवटी होती! मोठ्या अक्षरांत ‘धोका’ लिहिलं होतं!”

“कवटीचं मला नाही माहीत. चिकटवायची खळ मात्र गोड होती,” हौशी ओठ चाटत म्हणाली. “आणि तुझ्या पोटात काय आहे ते तुला ठाऊक आहे ना? मग झालं तर!”

“मला ठाऊक असून काय उपयोग? तोंड लावणाऱ्याला कळायला नको?”

“तुझी आपली उगीच काळजी. या कोपऱ्यात मरायला येतंय कोण?”

तेवढ्यात तिचंच करडू उड्या मारत आलं. कॅनचं झाकण कुणीतरी घाईत नुसतंच वर ठेवलं होतं. करडाने ते नाकाने ढकललं.

“आई, पाणी!”

“पिऊ नकोस!” कॅन आणि हौशी एकदम किंचाळले.

“का? वर तर काहीच लिहिलेलं नाही!”

उत्तर हौशीच्या पोटात होतं. आईचा जीव तो! तिने अशी धडक मारली की करडू चार हात लांब जाऊन पडलं आणि भोकाड पसरून रडू लागलं. ते रडणं ऐकून तिच्या जिवात जीव आला.

मग गाडी येईपर्यंत ती कॅनला पाठ लावून उभी राहिली आणि कुत्रा, चिमणी, मालक, दिसेल त्याला ओरडून सांगत राहिली, “इथे ॲसिड आहे हो! माझा घसा बसला, आता तुम्ही पुढच्याला सांगा!”