दोन्ही ण बाणातले

एका गावात रावजीशेठ रंगाऱ्यांचा कारखाना होता. तिथलं लाल लुगडं फाटेल, पण विटणार नाही, अशी ख्याती. त्या लाल रंगाची कृती आतल्या खोलीत जपून ठेवली होती, आणि तिच्या जोरावर चाळीस घरांच्या चुली पेटत होत्या. खोलीत जायचं तर दारावर परवलीचा शब्द सांगावा लागे.

सकाळी दारावर त्र्यंबकपंत बसत. पूर्वी ते गावचे पंतोजी होते. शाळा सुटली, पण दुसऱ्याचं बोलणं सुधारायची खोड काही सुटली नाही.

एके दिवशी एक अनोळखी माणूस आला. म्हणाला, "शेठजींनी पाठवलंय. शब्द आहे, पानकनस."

भातात खडा लागावा तसं पंतांना झालं. "पानकनस नव्हे हो, पाणकणीस! दोन्ही ण बाणातले!" मग ऐटीत म्हणाले, "शब्द चुकला. चालते व्हा!"

माणसाने वाकून नमस्कार केला आणि हसत निघून गेला.

पंत जेवायला बसले, पण मनात एकच घोळत होतं. तो का हसला? आणि एकदम लख्ख उमगलं. हाकललं खरं, पण शब्द हातात देऊन! दुपारी दारावर म्हाळू बसतो. तो माणूस तेव्हा येणार.

सांगावं, तर मागच्या साली कारखान्यातल्या सकूबाईचं काय झालं ते पंतांनी पाहिलं होतं. किल्ली हरवल्याचं तिनं आपणहून सांगितलं, आणि रावजीशेठनी तिला सगळ्यांदेखत कामावरून काढलं. न सांगावं, तर चाळीस चुली विझणार. इकडे आड, तिकडे विहीर. पंत उठले, बसले, पुन्हा उठले. पागोटं चढवलं, उतरवलं. जन्मभर लोकांच्या चुका दाखवल्या, आता स्वतःची एक दाखवायची होती. शेवटी दुपारचे टोल पडायच्या आत ते शेठसमोर उभे राहिले.

"शेठ, शब्द फुटला. माझ्याच तोंडून."

शेठ लालबुंद झाले, पण त्यांनी आधी शब्द बदलला. दुपारी तो माणूस आला, दोन्ही ण ठणठणीत म्हणाला आणि पकडला गेला.

"आता तुमचं बघतो," शेठ पंतांकडे वळले.

तेवढ्यात म्हाळू पुढे झाला. "मालक, आधी माझ्याच तोंडून गेला त्यो शब्द. परवा तंबाखू दिऊन त्यानं गोडीत काढून घेतला. माझं तोंड भरलेलं हुतं, त्याला नीट कळलं नसंल."

"मग तेव्हाच का बोलला नाहीस?"

"सकूबाईवानी हुईल म्हनून."

सकूबाईचं नाव ऐकलं आणि शेठचा राग ओसरला. मग म्हणाले, "पंत, उद्या वेळेवर दारावर या. आणि म्हाळू, गाडी जुंप. सकूबाईला आणायला मी स्वतः येतो."

तात्पर्य: झालेली चूक लगेच सांगावी, आणि सांगणाऱ्याला शिक्षा करू नये. जिथे माणसं धाकाने गप्प बसतात, तिथे चोराला किल्ली लागत नाही.