शेवटचं घर

कोणे एके काळी, म्हणजे नेमकं कधी ते मला विचारू नका, डोंगराच्या कुशीत एक मोठा तलाव होता. तलावातून एक पाट निघायचा आणि सात वाड्यांना पाणी देत देत खाली उतरायचा. तिथे राजा नव्हता. सातही वाड्यांतली माणसं मिळून एक प्रमुख निवडायची आणि तलावाच्या दाराची किल्ली त्याच्या कमरेला बांधायची.

बांधावर एक शिळा उभी होती. वाडवडिलांनी तिच्यावर दोनच ओळी कोरून ठेवल्या होत्या.

पाच वर्षे किल्ली.
पुढची पाच वर्षे शेवटचे घर.

हे शेवटचं घर म्हणजे पाट जिथे संपतो तिथलं घर. सातव्या वाडीच्याही खाली. किल्ली खाली ठेवली, की प्रमुखानं बायकामुलांना घेऊन तिथे राहायला जायचं आणि समोरचं शेत कसायचं. सगळ्यांचं भागून जे पाणी उरेल ते त्याचं. ती काही शिक्षा नव्हती, रीत होती. इतकी जुनी रीत, की ती कशासाठी आहे हे विचारायचंही लोक विसरून गेले होते. आणि घात झाला तो तिथेच.

एक बाई मात्र विसरली नव्हती. तिचं नाव सगुणा. शेवटच्या घराला लागून तिचा पानमळा होता. शेवरीच्या झाडांवर चढवलेल्या वेली, आत गारवा, आणि पानं खुडून खुडून हिरवी झालेली तिची बोटं. नवरा जाऊन वर्षं झाली होती. तो मळा हेच तिचं सगळं. सातव्या वाडीत तिला सगळेच आत्या म्हणत, पण सख्खा भाचा एकच, पहिल्या वाडीतला उमाजी.

आत्यानं आजवर पाच प्रमुख शेजारी म्हणून पाहिले होते. त्यातला एकजण राहायला आला आणि चौथ्याच दिवशी कोरड्या पाटात उभा राहून ओरडू लागला, "तिसऱ्या वाडीचं दार कोणत्या गाढवानं असं फुटकं ठेवलंय?"

आत्या कुंपणापलीकडून म्हणाली, "तुम्हीच ठेवलंत. मी सांगायला आले होते दोन वर्षांमागं. तुम्ही जेवायला बसला होतात."

त्या माणसानं मान खाली घातली, फावडं घेतलं आणि तीन दिवस खपून ते दार दुरुस्त केलं. पुढचा प्रमुख वरून हे सगळं बघत होता. त्यानं त्या दिवसापासून आधी शेवटच्या घराचं पाणी पाहिलं, मग बाकीच्यांचं. उद्या आपल्यालाच तिथे राहायचंय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता जो प्रमुख होता, तो माणूस खरंच बरा होता. उगाच त्याला नावं ठेवायची नाहीत मला. त्यानं खचलेला बांध उचलून घेतला. दोन वर्षं पाऊस कमी पडला, तर स्वतः पाटाच्या कडेनं चालत जाऊन प्रत्येक वाडीची पाळी सांभाळली. सातव्या वाडीला आठव्या दिवशी पाणी म्हणजे आठव्या दिवशी, त्यात चुकारपणा नाही. लोक त्याला देवमाणूस म्हणायचे.

पाचवं वर्ष लागलं. प्रमुखाचे गुडघे दुखायला लागले. त्याची बायको म्हणाली, "त्या घरात मी काही येत नाही." आणि त्याचा एक कारभारी होता, तो कानाशी लागला. "तुमच्यासारख्या माणसाला त्या खोपटात पाठवायचं? लोकच नको म्हणतील. विचारून तर पाहू."

झालं. कारभारी टोपली घेऊन दारोदार फिरू लागला. टोपलीत पांढरे खडे आणि काळे खडे. फिरत फिरत तो पानमळ्यात आला.

"काय आत्या, आपले प्रमुख कसे वाटतात?"

"बरा माणूस आहे. पाणी वेळेवर येतं," आत्या पानं लावता लावता म्हणाली.

कारभाऱ्यानं एक पांढरा खडा टोपलीत बाजूला टाकला.

"हा कसला खडा?"

"तुमची संमती. शिळेवरच्या ओळी काढून टाकायला."

आत्याच्या हातातली पानं खाली पडली. "मी कधी दिली संमती?"

"आत्ताच म्हणालात ना, बरा माणूस आहे म्हणून?"

"अरे मेल्या! तू माणसाचं विचारलंस, मी माणसाचं सांगितलं. शिळेचं तू विचारलंस कुठे?"

"एकच की ते."

"एकच? जावई गुणी निघाला म्हणून लेकीचं माहेर बंद करून टाकतात का रे?"

कारभारी हसला. आत्यानं टोपलीत हात घातला, तो खडा उचलला आणि पाटात भिरकावला. कारभाऱ्यानं शांतपणे कमरेच्या पिशवीतून दुसरा पांढरा खडा काढला, टोपलीत ठेवला आणि चालू लागला. आत्या त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

ती तशीच निघाली. पाटाच्या कडेनं, वर. वाटेतल्या प्रत्येक वाडीत तेच ऐकू येत होतं. किती चांगला माणूस, त्याला कशाला जाऊ द्यायचं, राहू दे की कायमचा. शेवटी ती उमाजीच्या दारात पोचली. पाट त्याच्या अंगणाला लागूनच भरून वाहत होता.

"ये आत्या, पाणी घे."

"पाणी राहू दे. तू काय सांगितलंस कारभाऱ्याला?"

"मी? पांढरा. का गं? माणूस सोन्यासारखा आहे."

"सोन्यासारखा आहे, पण तो तसा का आहे याचा कधी विचार केलास?"

"स्वभाव असतो एकेकाचा."

"स्वभाव!" आत्या कडाडली. "त्याला शेवटच्या घरात राहायचंय, म्हणून तो शेवटच्या घराला पाणी देतोय. उद्या राहायचं नसेल तर कशाला देईल? काढून टाका ओळ आणि मग बघा त्याचा स्वभाव."

उमाजी वैतागला. "आत्या, खरं सांगू? तुला फक्त तुझ्या मळ्याची काळजी आहे. सगळ्यांचं भलं तुला दिसत नाही."

"हो, आहेच मला मळ्याची काळजी! माझा मळा शेवटचा आहे. शेवटच्याला काळजी वाटायची नाही तर कुणाला वाटायची? तुझ्या दारात पाट वाहतोय, तुला काय कळणार?"

ती पाण्याचा घोटही न घेता परत फिरली. उमाजीनं दोनदा हाक मारली. तिनं मागं पाहिलं नाही.

बांधावर सभा भरली. आत्या बोलायला उभी राहिली तर लोक म्हणाले, "बसा आत्या, तुम्हाला प्रमुखाचा शेजार हवाय, म्हणून चाललंय हे." सगळे हसले. सहा वाड्यांनी हात वर केले. सातवीतल्यासुद्धा अर्ध्या माणसांनी केले, मला तर त्यांचाच जास्त राग येतो. पाथरवट छिन्नी घेऊन पुढे झाला. दुसरी ओळ सगळी गेली. पहिलीतली पाच वर्षं गेली. शिळेवर एकच शब्द राहिला, किल्ली.

आता तुम्हाला वाटेल, प्रमुख दुसऱ्या दिवशी राक्षस झाला. छे हो! असं झालं असतं तर लोक लगेच शहाणे झाले असते. पहिल्या वर्षी काहीसुद्धा बिघडलं नाही. उमाजी मुद्दाम पानमळ्यात आला आणि म्हणाला, "आलं ना गं पाणी? उगाच आकाशपाताळ एक केलंस."

दुसऱ्या वर्षी सहाव्या वाडीखाली पाट फुटला. प्रमुख म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू. पुढचा महिना आला आणि गेला. गुडघे दुखत होते, म्हणून तो चौथ्या वाडीखाली उतरायचा बंद झाला होता. सातव्या वाडीचं पाणी आठवड्यावरून पंधरवड्यावर गेलं, मग महिन्यावर. इकडे कारभाऱ्यानं तलावाला लागून आमराई लावली आणि तिच्यासाठी पाटातून वेगळा फाटा काढून घेतला. त्याला कोण विचारणार?

आत्या बांधावर गेली. प्रमुख झोपाळ्यावर बसला होता. तो तिच्याशी फार गोड बोलला.

"आत्या, इथे तर तलाव भरलाय. खाली पाणी कसं नाही?"

"एकदा खाली या, म्हणजे कळेल."

"येईन की."

तो खोटं बोलत नव्हता. यावं असं त्याला खरंच वाटत होतं. फक्त आलं नाही तर चालतं, हे त्याला कळून चुकलं होतं. शेवटच्या घराचं छप्पर तोवर कोसळलं होतं आणि त्याला ते माहीतही नव्हतं.

पानवेलीला उपास सोसत नाही. आधी पानं पिवळी पडली, मग वेली शेवरीवरून सुटून खाली आल्या. आत्यानं विहिरीतून घागरी वाहिल्या. मग विहीरही आटली. एके सकाळी तिनं वेलीचा एक जिवंत तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळला, मडक्यात लावला आणि मळ्याकडे पाठ फिरवली. सातवी वाडी तिच्या मागोमाग उठली.

ती सहाव्या वाडीत आली. तिथले लोक म्हणाले, "आमच्याकडे येतंय की पाणी."

आत्या म्हणाली, "येतंय ना? पण आता शेवटचे तुम्ही झालात."

त्यांना ते पटलं नाही. दीड वर्षानं पटलं, तेव्हा ते पाचव्या वाडीत येऊन हेच सांगू लागले आणि पाचवीवाले त्यांना हसू लागले. अशी एकेक वाडी उठत गेली. आत्या मडकं घेऊन वर वर सरकत राहिली. प्रत्येक ठिकाणी ती जीव तोडून सांगायची आणि प्रत्येक ठिकाणी तिला तेच ऐकावं लागायचं, की आमच्या दारात अजून पाट वाहतोय. चीड येते हो सांगताना!

नवव्या वर्षी ती उमाजीच्या दारात पोचली. उमाजी अंगणाच्या कडेला उभा होता. पाट कोरडा होता. वर कारभाऱ्याची आमराई हिरवीगार दिसत होती आणि उमाजीची पहिली वाडी आता शेवटची होती.

"आत्या," तो म्हणाला, आणि त्यानं तिच्या हातातलं मडकं उतरवून सावलीत ठेवलं.

मग मात्र सगळे उठले. सातही वाड्यांतली उरलीसुरली माणसं बांधावर जमली. उमाजी सगळ्यांत पुढे होता. तो ओरडला, "प्रमुख, किल्ली खाली ठेवा!"

प्रमुख म्हातारा झाला होता. त्याला फार वाईट वाटलं. "का रे बाबांनो? तुम्हीच मला देवमाणूस म्हणत होतात. तुमचे पांढरे खडे मी अजून जपून ठेवलेत."

"तेव्हा म्हणत होतो. आता म्हणत नाही."

"बरं, ठेवतो मी किल्ली," प्रमुख म्हणाला. "पण कोणत्या नियमानं ठेवू, तेवढं दाखवा."

सगळ्यांच्या नजरा शिळेकडे गेल्या. शिळेवर एकच शब्द होता. बाकी दगड गुळगुळीत होता आणि तो त्यांनीच गुळगुळीत करून घेतला होता. कारभारी पुढे आला, म्हणाला, "प्रमुखांच्या नंतर त्यांचे चिरंजीव किल्ली सांभाळतील, तुम्ही चिंता करू नका." त्याच्या मागे काठ्या घेतलेली दहा माणसं उभी होती.

उमाजी आत्याकडे वळला. "आत्या, तू बोल ना काहीतरी!"

"बोलले होते मी. तेव्हा मला मळ्याची काळजी होती म्हणे."

"चुकलं माझं."

"चुकलं ना? त्यानं माझा मळा हिरवा होतो का?" आत्यानं मडकं उचललं. "तुझं गाठोडं बांध आणि चल. इथलं पाणी संपलं आपलं."

दोघं डोंगर ओलांडून निघाली. आत्या पुढे, उमाजी मागे. दोन दिवसांनी पलीकडचं खोरं लागलं. तिथेही एक तलाव होता, एक पाट होता, आणि पाटाच्या कडेला एक शेतकरी औत सोडून भाकरी खात बसला होता. आत्याच्या मडक्यातली वेल पाहून तो म्हणाला, "पानमळा लावायचाय का मावशी? लावा की. जागा आहे, पाणी आहे. आणि आमचा प्रमुख तर असला भला माणूस आहे, विचारूच नका."

"तो कसा आहे हे मी विचारलंच नाही," आत्या म्हणाली. "किल्ली खाली ठेवल्यावर तो राहायला कुठे जातो, ते सांग."

शेतकऱ्याचा घास हातातच राहिला. "म्हणजे? त्याला कशाला कुठे जावं लागेल? मागच्याच महिन्यात आमचा कारभारी येऊन गेला, आम्ही सगळ्यांनी पांढरा खडा दिला."

उमाजीनं डोक्यावरचं गाठोडं खाली आपटलं आणि तो त्या शेतकऱ्यासमोर मांडी ठोकून बसला. "ती भाकरी ठेव बाजूला," तो म्हणाला. "तुमची शिळा कुठे आहे? आणि छिन्नी अजून लागली नसेल, तर पळ, वाडीतली सगळी माणसं आत्ताच्या आत्ता इथे बोलावून आण."

बाळांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: प्रमुख कितीही भला असो, त्याच्या भलेपणापायी त्याला खाली उतरवणारा नियम कधी पुसू नये.