घड्याळापुरती समज

मनोरुग्णालयात दाखल असलेले यज्ञेश्वर कर्पे मूळचे घड्याळजी. इंजेक्शनने त्यांचे हात थरथरत, म्हणून ते गोळ्या घेत, पण सुईला नको म्हणत. अधीक्षक डॉ. शेणोलीकरांना नकार ऐकायची सवय नव्हती. समज असलेल्या रुग्णाला मर्जीविरुद्ध औषध देता येत नाही, असा नियम. तेव्हा ‘कर्पे यांना समज नाही’ असं लिहून त्यांनी प्रकरण रुग्णांच्या हक्कांचा निवाडा करणाऱ्या मंडळापुढे ठेवलं.

मंडळाच्या अध्यक्षा निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांनी विचारलं, “समज नाही, हे कशावरून?”

“मॅडम, इतकं चांगलं औषध नाकारतोय, यावरूनच!”

कर्प्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. “बाईसाहेब, गेल्या आठवड्यात साहेबांनी भिंतीवरचं हे लंबकाचं घड्याळ माझ्याकडून दुरुस्त करून घेतलं. तेव्हाचा हा कागद.”

अध्यक्षांनी मोठ्यानं वाचलं, “रुग्ण पूर्ण समजुतीने व स्वखुशीने काम करीत आहे.” खाली अधीक्षकांची सही आणि शिक्का.

“ते घड्याळापुरतं होतं,” अधीक्षक पुटपुटले.

“मग घड्याळाचंच सांगतो, साहेब. लंबक दोन्ही बाजूंना गेला, तर घड्याळ चालू आहे असं आम्ही म्हणतो. तुमच्याकडे मी ‘हो’च्या बाजूला गेलो की शहाणा, आणि ‘नको’च्या बाजूला गेलो की बिघडलेला!”

अध्यक्षांनी हसू आवरत निर्णय लिहिला: सुई बंद, गोळ्या चालू.

अधीक्षकांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग भिंतीवरचं पाहिलं, आणि मनगटावरचं गुपचूप पाच मिनिटं पुढे केलं.