खडे वेचणारे भुजंग मास्तर

फार वर्षांपूर्वी तांबुळखेडच्या माळावर गवत उगवायचं नाही, उगवायचे ते खडे. त्याच माळावर कॉलेज निघालं. दोन पत्र्याच्या खोल्या, एक घंटा आणि समोर कबड्डीचं मैदान. पोरांना कबड्डी शिकवायला भुजंग मास्तर आले. आले तेव्हा चोवीस वर्षांचे होते, आणि पुढची छत्तीस वर्षं तिथून हलले नाहीत.

मास्तरांची एक रीत होती. पोरं खेळायला उतरायच्या आधी ते चपला काढायचे आणि सगळं मैदान अनवाणी चालायचे, या कडेपासून त्या कडेपर्यंत, पावलाला पाऊल लावून. खडा लागला की वाकायचं, तो उचलायचा, सदऱ्याच्या खिशात टाकायचा. आणि चालायचं ते डोळे मिटून. डोळा फसतो, तळवा फसत नाही, असं त्यांचं म्हणणं. खडा वीतभर मातीखाली असला तरी मास्तरांच्या पायाला कळायचा, असं म्हणतात. खिसा भरला की कडेला ओतायचे. त्याचा ढीग झाला, मग गवंड्यानं त्या ढिगाचा कट्टा बांधला, आणि त्या कट्ट्यावर साठ माणसं मांडी घालून बसायला लागली.

लोक हसायचे. "मास्तर, खेळ शिकवता का ज्वारी निवडता?"

"न निवडता दळून बघा एकदा," मास्तर म्हणायचे, "मग दातांना विचारा."

ते सगळं खरं, पण जिल्ह्याच्या कबड्डी स्पर्धेची ढाल काही तांबुळखेडला येईना. शहरातली कॉलेजं यायची, जिंकायची, ढाल घेऊन जायची. मास्तर पुन्हा चपला काढायचे.

पुढं मास्तरांनी पोरींचा संघ काढला. गावात हौसाबाई म्हणून होती, तिला एकुलती एक लेक, शेवंता. शेवंता एका दमात मारुतीच्या देवळाला पाच फेऱ्या घालायची, असं म्हणतात. मास्तरांनी तिला संघात घेतलं, हे हौसाबाईला कळलं. ती तडक कॉलेजात गेली.

"मास्तर, पोरीची जात आहे. गुडघा फुटला, तोंडावर खूण राहिली, तर करून कोण घेईल तिला?"

"हौसाक्का, तुमची लेक पडणार. कबड्डी आहे, पडल्याशिवाय कशी होईल? पण ती मातीवर पडेल, खड्यावर नाही. हा माझा शब्द."

शब्द मिळाला तरी आईचा जीव तो. हौसाबाई रोज पदराला हळदीची पुडी बांधून कट्ट्यावर येऊन बसायची. शेवंता पडली की तिचा हात गाठीवर जायचा, शेवंता उठली की खाली यायचा. तीन वर्षं गेली, हळद काही सोडावी लागली नाही.

तिसऱ्या वर्षी पोरींनी कमाल केली. जिल्ह्याच्या शेवटच्या सामन्यापर्यंत पोचल्या, आणि सामना आपल्याच मैदानावर. पण त्याच दिवशी सकाळी तिथं कुणा पुढाऱ्याची सभा ठेवलेली. मैदानभर मांडव. सभा लांबली, मांडववाल्यांनी घाईघाईत खुंट्या उपसल्या, तोवर साडेतीन झाले. सामना चारला. शहराच्या पोरी तयार उभ्या, टेबलावर ढाल चमकतेय, आणि मास्तरांनी चपला काढल्या.

चार वाजले. पंच म्हणाले, "मास्तर, संघ उतरवा."

"अजून अर्धं मैदान राहिलंय."

"पाच मिनिटं देतो. नाहीतर तुमचा संघ बाद."

मास्तरांनी डोळे मिटले आणि पावलाला पाऊल लावलं. त्यांची चाल कधी वाढली नव्हती, तशी त्या दिवशीही वाढली नाही. कट्ट्यावरून आरडाओरडा सुरू झाला. सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा असेल? हौसाबाईचा. जी तीन वर्षं हळद बांधून बसली, तिलाच त्या दिवशी ढालीची भुरळ पडली.

"मास्तर, पुरे की आता! उतरवा पोरींना! ढाल चाललीय!"

मास्तरांनी डोळे उघडून एकदा तिच्याकडे बघितलं, पुन्हा मिटले. पाच मिनिटं सरली. शिट्टी वाजली. शहराच्या पोरी न खेळताच ढाल घेऊन गाडीत बसल्या. लोक मास्तरांना नाही नाही ते बोलून घरी निघाले. शेवंता मैदानाच्या कडेला बसून हमसून रडत होती, आणि मास्तर चालतच होते.

मधल्या रेघेपाशी ते थांबले. पाय उचलला, तर तळव्यातून रक्ताची धार. खाली बसून त्यांनी बोटांनी माती उकरली आणि ओढून काढली ती मांडवाची तुटकी लोखंडी खुंटी, वीतभर लांब, टोक वर. चढाई करून परतताना शेवंता रेघेला हात लावायला छातीवर झोकून द्यायची, ती नेमकी तिथंच.

लेकीसाठी मागं थांबलेली हौसाबाई धावत आली, तिनं ती खुंटी बघितली. तिनं पदराची गाठ सोडली आणि हळद मास्तरांच्या तळव्यात दाबली.

"मीच ओरडले हो मास्तर. माझ्याच लेकीच्या जिवावर उठले."

"आई आहात, ओरडणारच," मास्तर म्हणाले. "पण पुढच्या खेपेला आधी चाला, मग ओरडा."

पुढच्या सामन्याला हौसाबाईनं चपला काढल्या, आणि मास्तरांच्या मागून मैदान चालली. त्यानंतर दुसऱ्या आया यायला लागल्या.

ढाल पुढंही आली नाही. एकदा आली होती असं म्हणतात, पण कॉलेजच्या कपाटात ती काही दिसत नाही.

मास्तर म्हातारे होऊन गेले. गेले त्या सकाळी मैदानातले होते नव्हते तेवढे खडे आपसूक वर आले, खळ्यात दाणे पडावेत तसे, असं म्हणतात. गावानं ते वेचून कट्ट्यावर आणखी एक थर चढवला. ती खुंटीही कट्ट्यात बसवली, टोक आत करून.

आता मैदानात खडा शोधून सापडत नाही. तरी तांबुळखेडला सामना असला की आधी खेळणाऱ्यांच्या आया उतरतात. पाहुण्या संघाच्या आया आल्या असतील तर त्याही. पाठी पदर खोचून, डोळे मिटून, पावलाला पाऊल लावून चालतात. शेवटची बाई कडेला पोचते, खुंटीला चिमूटभर हळद लावते आणि लेकरांकडं वळून म्हणते, "जा आता."

ती म्हणेपर्यंत पंच शिट्टी तोंडाला लावत नाही, मग घड्याळात कितीही वाजलेले असोत.